आधी आलेला निरोप

१

दिवसाला एकच निरोप, तोही बोलून पाठवायचा आणि दोन मिनिटांच्या वर न्यायचा नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं. फोनवर धड बोलणं कधी जमायचंच नाही. नवरा परदेशात एका बंदरावर क्रेन चालवायचा. बारा तासांची पाळी, जमिनीपासून चाळीस मीटर उंच टांगलेली काचेची केबिन, आणि फोन खाली लॉकरमध्ये कुलूपबंद. तिकडचं घड्याळ इकडच्यापेक्षा चार तास मागे. संध्याकाळी पाचला काम आटोपून ती निरोप पाठवायची तेव्हा तो दुपारच्या जेवणाला खाली उतरलेला असायचा. ऐकायचा, घास गिळता गिळता उत्तर द्यायचा, की पुन्हा वर.

निरोपाची शेवटची दहा सेकंदं बाळाची. ती फोन पोटावर टेकवून गप्प बसायची. त्यातून काहीही ऐकू जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण आवाज हाच तिचा पोटापाण्याचा विषय होता. ती कान तपासायची.

"फोनला पोटातले ठोके पकडता येत नाहीत," तिनं त्याला दहा वेळा सांगितलं होतं. "तुला ऐकू येते ती माझ्या कपड्यांची खसखस."

"मग मला माझी खसखस ऐकू दे," तो म्हणायचा. तो तिला 'कानवाली' म्हणायचा, ती त्याला 'क्रेनवाला'.

त्या दिवशी दवाखान्यातल्या 'पेटी'त एक आजोबा बसले होते. पेटी म्हणजे आवाजबंद खोली: कपाटापेक्षा जराशी मोठी, भिंतींना बोटभर जाडीचा फोम, वीतभर जाडीचं दार. आत बसलेल्या माणसाच्या कानात ती बाहेरून बारीक आवाज सोडायची आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. आजोबा दर दोन सेकंदांनी बटण दाबत होते.

"आजोबा, मी अजून काही वाजवलेलंच नाही."

"वाजवणार होतात ना? ते ऐकू आलं मला."

तिला हसूही आलं आणि वैतागही. ऐकू येत नाही एवढं कबूल करायला या पिढीचं काय जातं, कोण जाणे.

पाच वाजता तिनं निरोपासाठी फोन हातात घेतला, तर नवऱ्याचं उत्तर आधीच येऊन पडलेलं.

"अगं, कपाची दांडी तुटली तर तुटली, त्यात काय एवढं! बोटाला लागलं नाही ना? आणि आई म्हणतायत तर घे ना सुट्टी आठवडाभर. आज किती छान वाटला तुझा आवाज. शांत."

तिनं अजून काही पाठवलंच नव्हतं. तिच्या घरातला एकही कप फुटलेला नव्हता.

"कोणाच्या बायकोला उत्तर देतोयस रे?" तिनं विचारलं. पण तोपर्यंत तो वर चढला होता.

२

दोन महिन्यांपासून तिची आई तिच्याकडे राहायला आली होती. मायेची बाई. काम करून थकत नसे आणि सल्ले देऊनही थकत नसे. प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'आमच्या वेळी'नं व्हायची. आमच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत आम्ही पाणी भरत होतो, आणि आमच्या वेळी सातव्यालाच घरी बसवायचे. दोन्ही एकाच दमात. कुठली वेळ खरी म्हणून विचारलं की आई रागावायची.

चहा झाल्यावर तिनं कप विसळायला घेतला आणि दांडी अलगद तिच्या हातात आली. कप खाली भांड्यात, दांडी बोटांत. खळ्ळकन आवाजसुद्धा झाला नाही.

ती नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. मग डोकं कामाला लागलं. दांडीला तडा असणार. तो तिनं कधीतरी पाहिला असणार. कालच्या निरोपात सहज बोलून गेली असणार. सातवा महिना सरत आलेला. या दिवसांत विसरायला होतं, असं सगळेच म्हणतात. तिला ते 'सगळेच' आवडत नसत, पण आज त्यांचं म्हणणं उपयोगी पडत होतं.

तिनं नवऱ्याला लिहिलं: तो निरोप मला परत पाठव.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. सोबत दोन ओळी: "तुझ्याच नंबरवरून आलाय. मी सकाळी सहाला उठलो तेव्हा येऊन पडला होता."

तिकडचे सहा म्हणजे इकडचे दहा. काल सकाळी दहाला ती एका शिक्षिकेच्या कानातला मळ काढत होती.

बेडरूमचं दार लोटून तिनं निरोप लावला. आवाज तिचाच होता. वाक्य सुरू करण्याआधी नाकानं श्वास घ्यायची खोड तिचीच. "आज कपाची दांडी तुटली बघ. हातातच आली. आई म्हणते, सुट्टी घे आठवडाभर. बरोबर आहे तिचं. घेईन मी."

बरोबर आहे तिचं! वयाच्या बाराव्या वर्षापासून हे वाक्य तिच्या तोंडून निघालेलं नव्हतं.

मग ती शेवटची दहा सेकंदं. खसखस नव्हती. भरधाव पळणाऱ्या छोट्या घोड्यासारखे ठोके. धक, धक, धक. स्पष्ट, अगदी कानाला लागून.

दार ढकलून आई आत डोकावली. "मी काय म्हणते, आठवडाभर सुट्टीच घेऊन टाक ना."

"नाही घेणार," ती म्हणाली. इतक्या जोरात की आई दोन पावलं मागे गेली.

३

दवाखान्यातल्या सगळ्यात चांगल्या हेडफोनवर तिनं तो निरोप ऐकला. पेटीत बसून, दार लावून.

तिच्याच बेडरूमचा घुमारा होता. दर फेऱ्याला एकदा कुरकुरणारा पंखा होता. लांब कुठेतरी आईच्या चपलांची फटफट. यात बनवाबनवी नव्हती. हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज बनवता येतो हे तिला माहीत होतं. पण आईच्या उजव्या चपलेचा तळ सुटलाय आणि म्हणून एक पाऊल फट आणि दुसरं फटाक वाजतं, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

आणि ते ठोके. पोटाच्या आतले ठोके या फोनला पकडता येणं शक्यच नव्हतं. तिनं स्वतःचा फोन पोटावर ठेवून पाच वेळा रेकॉर्ड करून पाहिलं. पाचही वेळा खसखस.

तिनं पासवर्ड बदलला. मग फोनच बदलला. आपण झोपेत बोलतो की काय म्हणून आईला विचारलं. "झोपेत नाही, जागेपणी जास्त बोलतेस," आई म्हणाली. शेवटी एके दिवशी ती सकाळी नऊपासून अकरापर्यंत फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. पेशंट खोळंबले, स्वागतकक्षातली मुलगी दोनदा डोकावून गेली. फोन हलला नाही, उजळला नाही.

संध्याकाळी नवऱ्याचं उत्तर आलं: "दोन्ही निरोप मिळाले."

४

पुढचे तीन आठवडे असेच गेले. रोज सकाळी तिच्या आवाजातला एक निरोप तिकडे पोहोचायचा आणि त्यात तिचा अजून उलगडायचा असलेला दिवस असायचा. लिफ्ट बंद पडली. सोनोग्राफीवाल्या बाईंचं लग्न ठरलं. समोरच्या इमारतीला निळा रंग लावायला घेतला. घडायचं सगळं तसंच. फरक फक्त एका जागी. जिथे कुणी वडीलधारं काही सुचवायचं, तिथे सकाळची ती मान डोलवायची.

"सासूबाई म्हणाल्या, सारखी सारखी तपासणी कशाला, पुढच्या आठवड्यात ढकल. ढकलली."

हे ऐकून ती त्याच दिवशी तपासणीला गेली. हट्टानं. सगळं ठीक होतं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "घरी करमत नाही वाटतं?" आई बाजूलाच होती. ते वाक्य तिनं उचललं ते सासूबाईंपर्यंत फोनवरून पोहोचवूनच खाली ठेवलं.

नवऱ्याला मात्र यात काही वावगं दिसत नव्हतं. तू सकाळी पाठवतेस आणि विसरतेस, एवढंच त्याचं म्हणणं. एकदा सुट्टीच्या दिवशी ती त्याला फोनवर खरंखुरं बोलायला मिळाली, तेव्हा तो चुकून बोलून गेला.

"खरं सांगू? सकाळची तू बरी असतेस. भांडत नाहीस कुणाशी. मी इथे इतक्या लांब, मला बरं वाटतं गं, तिकडे सगळं सुरळीत चाललंय असं ऐकून."

"ती मी नाहीये, क्रेनवाल्या."

"मग कोण आहे?"

"ऐकू नकोस तिचं," एवढंच ती म्हणाली. आणि आपण आपल्याच आवाजावर जळतोय हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच चीड आली.

ते निरोप मात्र ती रोज मागवून घ्यायची. शेवटची दहा सेकंदं कॉम्प्युटरवर टाकून ठोके मोजायची. पहिल्या निरोपात मिनिटाला दीडशे. मग एकशे बेचाळीस. मग एकशे तेवीस. धोक्याच्या रेषेच्या आत, पण एकाच दिशेनं सरकणारे. तिच्या स्वतःच्या तपासणीत आकडा कायम दीडशेच्या आसपास होता.

म्हणजे हे बाळ माझं नाही, ती स्वतःला समजावायची. आणि मग तेवढ्यानंच अंगावर काटा यायचा. मग कुणाचं आहे?

५

पस्तिसाव्या आठवड्यात ती सुट्टीवर गेली. स्वतःच्या मर्जीनं, हे आईला दोनदा बजावून.

त्या दिवशी सकाळपासून पाठ दुखत होती. फार नाही. नाश्ता झाला की बाळ रोज डाव्या बरगडीखाली लाथ मारायचं. आज मारली नाही. तिनं वाट पाहिली. दूध प्यायलं. कूस बदलली. पोट नेहमीपेक्षा कडक लागत होतं.

"आई, हलत नाहीये गं."

"पोटातलं बाळ काय घड्याळ लावून हलतं?" आई म्हणाली आणि सासूबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. दोघी विहिणींचं एरवी कुठल्याच गोष्टीत जमत नसे, पण सुनेला, लेकीला गप्प करायचं असलं की त्यांची एकी बघण्यासारखी असायची.

"जागा कमी पडते शेवटी शेवटी," सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा तर पोटात दोन दोन दिवस हलायचा नाही. अजूनही सुट्टीच्या दिवशी हलत नाही."

दोघी खळखळून हसल्या. तिलाही हसू आलं, तेच वाईट झालं. हसल्यावर भीती जरा मूर्खासारखी वाटायला लागली. मागच्या वेळी डॉक्टरबाई हसल्याच होत्या. पुन्हा धावत जायचं, पुन्हा सगळं ठीक निघायचं, पुन्हा महिनाभर चिडवून घ्यायचं. तिला दमल्यासारखं झालं. रोज प्रत्येकाशी भांडायचं म्हणजे तरी किती?

"पड जरा डाव्या कुशीवर," आई म्हणाली. "उद्या बघू."

ती पडली. पंखा कुरकुरत होता. डोळे मिटत आले होते तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्यानं निरोप पुढे पाठवला होता, न मागता. खाली लिहिलं होतं: "उठल्यावर ऐकला. ठीक आहेस ना? पाळीची वेळ झालीय, पण आज लॉकर बंद करवत नाही."

तिनं निरोप कानाला लावला.

"आज जरा कमी हलतंय," तिचा आवाज म्हणाला. थकलेला, गोड, शहाणा. "आई म्हणते, जागा कमी पडते. सासूबाईपण तेच म्हणाल्या. मी पडलेय डाव्या कुशीवर. पंखा लावलाय. छान झोप येतेय बघ. उद्या बघू."

मग ती दहा सेकंदं.

तिनं आयुष्यात नाना तऱ्हेची शांतता ऐकली होती. रिकाम्या खोलीची शांतता ऐकू येते. तिच्यात पंखा असतो, रस्ता असतो, भिंतीतलं पाणी असतं. ही तशी नव्हती. पेटीचं जाड दार लावल्यावर आत जी उरते, कानावर हात ठेवल्यासारखी, ती ही शांतता होती. दहा सेकंदं पूर्ण. त्यात पंखा नव्हता, ठोके नव्हते, बोलणारीचा श्वाससुद्धा नव्हता.

ती उठून बसली.

६

बाहेरच्या दाराजवळच्या स्टुलावर बसून ती बूट घालत होती. टॅक्सी पाच मिनिटांत येणार होती. एका पायात बूट गेला होता, दुसरा जात नव्हता. पोटामुळे हात पोहोचत नव्हते. आईला अजून सांगितलं नव्हतं. आधी बूट, मग भांडण, असं तिनं ठरवलं होतं.

घराचा बोळ सरळ होता. या टोकाला बाहेरचं दार आणि बाहेरची खोली, त्या टोकाला समोरासमोर स्वयंपाकघर आणि बेडरूम. आई पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि इकडे न बघताच बेडरूममध्ये शिरली.

"बरं केलंस पडलीस ते," आई आत म्हणाली. "पाणी ठेवू का उशाशी?"

"हो आई."

तिची बोटं हातातल्या दुसऱ्या बुटाच्या नाडीवर होती. आवाज कुठून आला, किती अंतरावरून, किती मोठा, हे ठरवण्यात तिची सात वर्षं गेली होती. आवाज बेडरूममधून आला होता. पलंगाच्या उशाकडून. आवाज तिचा होता.

आईच्या चपला मागे सरकल्या. फट, फटाक. "पांघरूण घालू का गं?"

"हो आई."

अर्धवट उघड्या दारातून तिला पलंगाची पायथ्याकडची बाजू दिसत होती, तेवढीच. एकावर एक ठेवलेले दोन पाय. घोट्याशी सुजलेले. करड्या मोज्यांतले.

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. डावा बुटात होता. उजव्यात करडा मोजा होता.

"आई," ती म्हणाली. "आई, मी इथे आहे."

आई बाहेर आली. ग्लास हातातच होता. तिनं दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. मग मान वळवून मागे, खोलीत पाहिलं. पुन्हा इकडे पाहिलं. ग्लासातलं पाणी काठावरून तिच्या मनगटावर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

"मी दवाखान्यात चाललेय," ती म्हणाली. "येतेस का?"

कशाला, आत्ता का, मागच्या वेळचं विसरलीस का, यातलं आईनं काहीही विचारलं नाही. तिनं बेडरूमचं दार हळूच ओढून घेतलं, आत कुणी झोपलेलं असलं की ओढतात तसं. मग जवळजवळ पळत बोळ ओलांडला, ग्लास जमिनीवर ठेवला, लेकीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या पायात बूट चढवला.

"चल," आई म्हणाली. "चल लवकर. मागे बघू नकोस."

७

नर्सनं पोटाला पट्टा बांधला आणि ठोके शोधायला सुरुवात केली. आधी काही सापडेना. मग सापडले: खूप हळू, दमलेल्या माणसानं जिना चढावा तसे. नर्सचा चेहरा बदलला नाही, पण ती चालत आली होती ती धावत गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरबाई आल्या, त्या या वेळी हसल्या नाहीत. "वार गर्भाशयापासून सुटायला लागलीय. आतल्या आत रक्त साचतंय, म्हणून बाहेर काही दिसलं नाही. आत्ता काढायचं बाळ." सह्या झाल्या. छतावरचे दिवे डोळ्यांवरून मागे मागे सरकले. आईचा हात सुटला.

आणि मग एक आवाज.

तो ऐकल्यावर तिच्यातली कानवाली आधी जागी झाली. खणखणीत. नव्वद डेसिबलच्या आसपास तरी असेल. तक्रारीचा सूर स्पष्ट. दम न घेता सलग.

"मुलगी आहे," कुणीतरी म्हणालं. "दोन किलो शंभर. आणि भांडखोर दिसतेय."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, तशा टाके घालणाऱ्या डॉक्टरबाई ओरडल्या, "अहो, पोट हलवू नका!"

दुसऱ्या दिवशी त्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. "तासभर उशीर झाला असता ना, तर दोघींपैकी कुणाचीच खात्री देता आली नसती. कशावरून आलात इतक्या तातडीनं?"

"हालचाल कमी वाटली."

"शहाण्या आहात," डॉक्टरबाई म्हणाल्या. कोपऱ्यात बसलेल्या आईनं मान खाली घातली.

८

नवरा सहाव्या दिवशी येऊन पोहोचला. क्रेनवर चाळीस मीटर उंचीवरून माल उतरवणारा माणूस दोन किलोंचं पोर उचलायला घाबरत होता. "पडेल," म्हणायचा आणि हात मागे घ्यायचा. सासूबाई फोनवरून सूचना देत होत्या. आईनं पहिल्यांदाच त्यांना मधे तोडलं. "विहीणबाई, तिला विचारते आणि मग तुम्हाला सांगते."

घरी आल्यावर एक गोष्ट बदललेली दिसली. पलंग बाहेरच्या खोलीत आणलेला होता. आईनं शेजाऱ्यांना बोलावून तो हलवून घेतला होता. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. "इकडे उजेड छान येतो," एवढंच म्हणाली.

दुपारी आई बाजारात गेली होती. बाळ झोपलं होतं. नवरा पलंगाच्या कडेला बसला आणि फोन हातात फिरवत राहिला.

"सकाळचे निरोप बंद झाले," तो म्हणाला. "पण त्या दिवशी अजून एक आला होता. तुझं ऑपरेशन चालू होतं तेव्हा. मी उघडला नाही."

तिनं पाहिलं. तिच्याच नंबरवरून आलेला. लांबी सत्तेचाळीस मिनिटं.

"पुसून टाकू?" त्यानं विचारलं.

तिला हो म्हणायचं होतं. पण त्या बाईनं महिनाभर दर सकाळी कुणाला तरी आपलं सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानंही तिचं नीट ऐकलं नव्हतं. तिचा राग करणारी ही स्वतः, आणि तिच्यावर खूश होणारा हा. निदान एकदा तरी ऐकायला हवं. तिनं एका कानात इयरफोन घातला.

पंखा. कुरकुर. बराच वेळ फक्त तेवढंच. मग फट, फटाक, जवळ येत. मग आईचा आवाज, फोनच्या अगदी तोंडाशी.

"ऊठ गं. ऐकतेस ना? ऊठ बाळा. चल, जाऊ आपण डॉक्टरकडे. तू म्हणशील तसं. ऊठ. मी चुकले, ऊठ. चल."

मग तेच पुन्हा. त्याच क्रमानं. आणि पुन्हा. फोनच्या पडद्यावर निरोप किती झाला ते दाखवणारी रेघ बोटभरही पुढे सरकली नव्हती.

तिनं इयरफोन काढला.

"काय आहे?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"आई आहे," ती म्हणाली आणि निरोप पुसला. मग डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, बाळाला पोटाशी घेऊन पडून राहिली. नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा वेळ बसला आणि चहा टाकायला आत गेला.

बाहेरचं दार उघडलं. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. चपला दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या.

"जागी आहेस का गं?"

रडू दिसू नये म्हणून तिनं तोंड उशीत दाबलं. ती वळली नाही.

आई जिथल्या तिथे उभी होती. पुढे येत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता: लहान, उथळ, जिना चढून आल्याचा नसलेला.

"अगं," आई म्हणाली. आवाज चिरत गेला. "बोल काहीतरी. काहीही बोल."

ती वळली. डोळे पुसले. नाक ओढलं.

"बाजारातून आलीस ना? हात धू आधी. हात लावू नकोस तिला तसल्या हातांनी."

एरवी आईनं आमच्या वेळी कोण धूत होतं हात, असं विचारलं असतं. आज ती दारातच उभी राहिली, पदरानं तोंड दाबून, आणि तिचे खांदे हसण्यानं गदागदा हलत होते.

"धुते," आई म्हणाली. "धुते हं. साबणानं धुते."

आत नळ सुटल्याचा आवाज आला. नवरा विचारत होता, "काय झालं आई, रडताय का?" आणि आई म्हणत होती, काही नाही, जावईबापू, काही नाही, सरका जरा, मला हात धुऊ द्या.